शिवणाच्या खोलीतून वन्संना

मंगळवार, ९ जुलै

आदरणीय वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र पोहोचले. पाकिटावरच्या अक्षरावरूनच ओळखले. अजूनही तुमचे प्रत्येक अक्षर शिरोरेषेला इतके ताठ टांगलेले असते, की जरा हलले तर त्याला कोपऱ्यात उभे करतील असे वाटते. इकडे सर्व क्षेम आहे. तुमच्या बंधूंचे गुडघे कुरकुरतात, पण ते स्वतः कुरकुरत नाहीत, हे मी त्यांच्या निवृत्तीनंतरचे मोठे सुख समजते. आमच्या लेकीचा, बिट्टीचा, परवा फोन होता. तिला बढती मिळाली. तुम्हालाही कळवले असेलच. माझ्याआधी कळवले असेल.

तुमचे पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवले. ऐकून म्हणाले, "जाऊन ये बाई. बहीण आहे माझी."

"तुमची बहीण आहे," मी म्हटले, "माझ्या वन्सं आहेत."

मग ते चहा ठेवायला उठले. तुमच्या घरातले पुरुष वेळेवर चहा ठेवायला उठण्यात तरबेज आहेत. त्याचे कारण मला फार वर्षांनी, रीतसर शिकल्यावर कळले. ते पुढे येईलच.

पत्रास कारण या खेपेला तुम्हीच दिले आहे, तेव्हा आधी तुमचे म्हणणे मला नीट समजले आहे की नाही ते तपासते. तुम्ही लिहिता की तुमचा नातू, आपला गोटू, अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नाही. कान तपासून घेतले, ते उत्तम आहेत. डॉक्टरांनाही काही सापडले नाही. पुढच्या वर्षी त्याला तुमच्याच शाळेत घालायचे आणि "बाईंचा नातू मुका" असे लोकांनी म्हणायचे, ही कल्पना तुम्हाला सहन होत नाही. म्हणून मी झाले गेले विसरून यावे, माझ्या हाताला गुण आहे, मी त्याला काही महिने माझ्याकडे ठेवून घ्यावे आणि "नीट करून" द्यावे. ते जमत नसेल तर तुम्ही दूरच्या एका निवासी केंद्रात त्याची जागा पाहून ठेवली आहे. तिथे आईवडिलांना महिन्यातून एकदा भेटू देतात. शेवटी तुम्ही म्हणता, "सूनबाईला यातले काही कळत नाही, तिला विचारण्यात अर्थ नाही. ती शिवणाला जाते, आणि आजवर एक फडके शिवून आणलेले नाही."

ते वाक्य वाचून मला हसू आले. त्याविषयीही पुढे.

आधी शाबासकी. मूल बोलत नाही असे दिसताच तुम्ही कान तपासलेत, डॉक्टरांना दाखवलेत, हे अगदी योग्य केलेत. कितीतरी घरांत "बोलेल हो, याचा बापही उशिरा बोलला होता" एवढ्यावर मोलाची वर्षे जातात. या कामी तुम्हाला शंभरपैकी शंभर. पुढचे गुण देताना मात्र मला हात आखडता घ्यावा लागणार आहे.

वन्सं, आमच्या कामात मूल कुणी "ठेवून घेत" नाही. रेडिओ दुरुस्तीला टाकावा तसे मूल देऊन, नीट करून, परत नेता येत नाही. मी मुलांना शिकवत नाही. मी मुलांच्या माणसांना शिकवते. आई, बाप, आजोबा, शेजारीण, जो कुणी त्या मुलाच्या दिवसभराच्या वाटेत येतो त्याला. कारण साधे आहे, आणि ते समजावून सांगताना मला अजूनही पहिल्या दिवसाइतका आनंद होतो: मुलाचे बोलणे त्याच्या तोंडातून सुरू होत नाही, ते समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून सुरू होते.

कसे, ते पाहा. तीन महिन्यांचे तान्हे "अं" करते. त्याला काहीच सांगायचे नसते. घशातून नुसता वारा गेलेला असतो. पण आई वळते, डोळे मोठे करते, म्हणते, "अं? असं का? मग पुढं काय झालं?" तान्हे चकित होते. आपण वारा सोडला आणि एवढी मोठी बाई वळली! ते पुन्हा "अं" करते. ती पुन्हा वळते. त्या क्षणी त्याला माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी कळते, ती ही की मी आवाज केला तर जग उत्तर देते. शब्द, व्याकरण, स्पष्ट उच्चार हे सगळे त्या बातमीवर उभे राहते. पाया तो, बाकी मजले.

आणि तो पाया घातला जातो अर्थहीन बडबडीने.

हा शब्द मी मुद्दाम वापरला. तो तुमचाच आहे. मोरीचे दार उघडे होते, बिट्टी चार महिन्यांची होती, मी तिला पाय पसरून मांडीवर आंघोळ घालत होते आणि तोंडाने माझे चालले होते, "टुंबुक टुंबुक टोपली, बिट्टी पाण्यात झोपली." ती प्रत्येक "टुंबुक"ला हुंकार देत होती. तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. शाळेत निघाला होतात, केसांचा एक तंतू जागचा हललेला नव्हता. म्हणालात, "वहिनी, अर्थ नसलेली बडबड मुलाच्या कानावर घालू नका. मेंदू म्हणजे कचराकुंडी नव्हे."

तुमच्याकडे बालशिक्षणाचे प्रमाणपत्र होते आणि माझ्याकडे ओली बिट्टी.

मी लहान घरातून आले होते. आमच्याकडे सगळे एकदम बोलत, भांडत, गात. तुमच्या घरात जेवतानाही चमच्याने आवाज केला तर तुम्ही मान वर करीत असा. तुमचे यजमान कामानिमित्त कायम दूर, म्हणून तुम्ही लेकाला घेऊन माहेरीच राहत होतात, आणि घर तुमच्या शिस्तीवर चालत होते. यांना मी सांगून पाहिले. हे म्हणाले, "ती शिकलेली आहे. तिला कळतं." आणि चहा ठेवायला उठले.

मग माझी नोकरी पुन्हा सुरू झाली आणि बिट्टीचा पाळणा तुमच्या खोलीत गेला. तुम्ही तिला मनापासून सांभाळलेत, हे मी नाकारत नाही. औषध, दूध, झोप, सगळे घड्याळाप्रमाणे. ती बोलायलाही लागली, स्पष्ट. घरात माझे सासूसासरे होते, तुम्ही होता, आणि सगळे मला "वहिनी" किंवा "सूनबाई" म्हणत. तुमचा लेक तुम्हाला "आई" म्हणे. मूल कानावर पडेल ते उचलते. त्यात त्याची काय चूक? एके संध्याकाळी मी कामावरून आले, चपला काढत होते, आणि बिट्टी तुमच्या कडेवरून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "वहिनी."

सगळे हसले. मीही हसले. मग तिने तुमच्या गळ्यात हात टाकला आणि तुम्हाला "आई" म्हटले.

मी म्हटले, "अगं, मी आई. ही आत्या."

तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत नसेल. मला आठवते. म्हणालात, "वहिनी, चूक लगेच दुरुस्त करू नये. मुलाचा आत्मविश्वास जातो."

तुम्ही, वन्सं! ज्या घरात मांजराच्या म्याऊचाही उच्चार तपासला जात असे, त्या घरात दुरुस्त न केलेली तेवढी एकच चूक होती.

पुढे यांची बदली झाली, आणि तुमच्या शाळेतले वर्ष बुडू नये म्हणून बिट्टी तुमच्याकडे राहिली. एक वर्ष म्हणता म्हणता शाळाच संपली. आज ती बाई झाली आहे. परवाच्या फोनवर म्हणाली, "वहिनी, गुडघ्यांना काय म्हणतेस त्यांच्या?" मायेने म्हणाली. तीच तर गोष्ट आहे. तिच्या आवाजात माया असते आणि शब्द तुम्ही दिलेला असतो.

माणसे ज्ञानाच्या ओढीने शिकतात असे म्हणतात. मी तुमच्यावरच्या रागाने शिकले. नोकरी सांभाळून मुलांच्या भाषाविकासाच्या परीक्षा दिल्या. प्रत्येक प्रकरण वाचताना समोर तुम्ही दिसत होता, आणि प्रत्येक प्रकरणात तुम्ही हरत होता. बडबडीवरचे प्रकरण तर मी पुनःपुन्हा वाचले, लोक लग्नाचे फोटो पाहतात तसे. रागाने शिकलेले पक्के राहते, हा माझा अनुभव आहे. शास्त्राचा आधार मात्र याला अजून सापडलेला नाही.

आता माझ्या कामाविषयी. आमचा गट भरतो तुमच्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका शिंपिणीच्या कामाच्या खोलीत, तिच्या सुटीच्या दिवशी. यंत्रे भिंतीला सरकवायची, जमीन झाडायची, सुया मोजून डब्यात बंद करायच्या, की झाली आमची शाळा. खेळणी विकत आणत नाही. चिंध्यांची गाठोडी, रिकामी रिळे, बटणांऐवजी डब्यांची मोठी झाकणे. येतात कोण? इस्त्रीवाला आपल्या जुळ्यांना घेऊन येतो. एक नर्स रात्रपाळी करून जांभया देत येते. एक म्हातारे पहारेकरी नातीला घेऊन येतात. त्यांना मी सांगितले होते, "प्रश्न विचारला की गप्प बसा. मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो. मनातल्या मनात एक ते दहा म्हणा." आठवड्याने ते आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, मी गप्प बसलो की पोरगी बोलते! आमच्या हिला मी आयुष्यभर हेच सांगतोय, तू जरा गप्प बस, मी बोलतो!" त्यांची बायको मागेच बसली होती. म्हणाली, "दहापर्यंत मोजते हो मी. तुमचं तोवर सुरूच होत नाही."

तिथे सगळे मला "बडबड आजी" म्हणतात. नाव मी स्वतःच निवडले आहे.

आणि या शिवणाच्या खोलीत, वन्सं, गेले वर्षभर तुमची सूनबाई येते. "शिवणाला जाते" असे ती तुम्हाला सांगते, त्यात खोटे काही नाही. जाते शिवणाच्याच खोलीत. फडके शिवून आणले नाही, कारण ती तिथे गोटूला घेऊन जमिनीवर बसलेली असते.

हे मी इतका वेळ लांबवले. आता लिहिते.

गोटू बोलतो.

इतर मुलांपेक्षा थोडा उशिरा लागला, पण बोलतो. "आई", "बाबा", "दे", "नको", "अजून", "पल्ला" (म्हणजे पडला), "टुंबुक". हो, टुंबुकही. चिंध्यांचे गाठोडे डोक्यावर ठेवतो, खाली पाडतो आणि ओरडतो, "टुंबुक पल्ला!" इस्त्रीवाल्याची जुळी त्याच्यावर इतकी हसतात की आम्हाला पुढचे काही घेता येत नाही. गेल्या महिन्यात दोन शब्द जोडले: "आई बघ." ज्या मुलाने "आई बघ" म्हटले त्याने माणसांच्या जगाचे दार उघडले असे मी समजते. तुमच्या सूनबाईने पदर तोंडाला लावला होता. मी तिला म्हटले, "रडू नकोस, बघ. तो बघ म्हणतोय ना, मग बघ!"

तुमच्या घरी तो का बोलत नाही, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर मला तुमच्या लेकाने दिले. हो, तोही येतो. आधी दाराशी पाहुण्यासारखा बसायचा, आता घोडा होतो. त्याने सांगितले, "मामी, गोटूनं खिडकीतून कुत्रा बघितला आणि म्हणाला, भूभू! पहिला शब्द होता त्याचा. आई आतून धावत आली. म्हणाली, भूभू नाही, कुत्रा म्हण. कु-त्रा. ओठ बघ माझे. पुन्हा म्हण. नीट म्हण. त्याला टेबलावर बसवलं आणि म्हणवून घेत राहिली. मी तिथंच होतो, मामी."

"मग तू काय केलंस?"

"चहा ठेवला," तो म्हणाला.

त्यानंतर तुमच्या घरात ना भूभू आला, ना कुत्रा. मूल शहाणे असते. जिथे आवाज केला की उत्तर येते तिथे ते बोलते, आणि जिथे आवाज केला की परीक्षा सुरू होते तिथे ते आवाज जपून ठेवते. मोठे झाले की चहा ठेवायला उठते. तुमची सूनबाई, जिला यातले काही कळत नाही असे तुम्ही लिहिता, तिला हे माझ्या आधी कळले होते. म्हणूनच घरी तिने काही सांगितले नाही. सांगितले असते तर तुम्ही त्याला पुन्हा टेबलावर बसवले असते. तुम्हाला हे कळवायला तिने मला आज परवानगी दिली. का दिली, तेही सांगते.

त्याआधी दोरीविषयी. खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत आम्ही दोरी बांधतो आणि प्रत्येक मूल आपल्या घरच्या माणसांचे फोटो तिला चिमट्याने लावते. मग ज्याचा फोटो त्याचे नाव. मुलांना हा खेळ फार आवडतो, कारण माणसे त्यांच्या हातात येतात. गोटूने बापाचा फोटो घेतला, म्हणाला, "बाबा." आईचा घेतला, "आई." माझ्याकडे बोट केले, "बब्बड." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने तुमचा फोटो उचलला. शाळेच्या समारंभातला आहे, तुम्ही व्यासपीठावर उभ्या आहात.

त्याने आपले बोट ओठांवर ठेवले.

मला वाटले विसरला. दहापर्यंत मोजले. पुन्हा विचारले, "या कोण?" त्याने पुन्हा बोट ओठांवर ठेवले, खांदे आवळले आणि खोलीभर सगळ्यांकडे पाहिले, की तुम्हीही गप्प बसा. जुळीसुद्धा गप्प झाली.

वन्सं, तो काही विसरलेला नव्हता. ते तुमचे नाव आहे. तुमच्या नातवाने तुम्हाला ठेवलेले.

मला काय वाटले ते लपवत नाही. शिकलेल्या माणसाने निरीक्षण पुरे नोंदवावे. मला वाईट वाटायला हवे होते. पण मोरीच्या दारात उभ्या असलेल्या तुम्ही मला दिसलात आणि माझ्या आत कुणीतरी सावकाश, मनसोक्त हसले. मी म्हटले, बिट्टीने मला नाव दिले तेव्हा घर हसले होते. आता तुमची पाळी.

आणि पुढचे ऐका. त्या बोटाच्या जागी "आजी" हा शब्द बसवणे मला कठीण नव्हते. फोटो हातात घ्यायचा, हसून "आजी!" म्हणायचे, फोटोच्या आडून डोकावायचे, लपायचे, पुन्हा डोकावायचे. अशा खेळातून मी कितीतरी मुलांना कितीतरी नावे दिली आहेत. दर आठवड्याला तो तुमचा फोटो उचलतो, दर आठवड्याला बोट ओठांवर ठेवतो, आणि मी त्याला दुरुस्त करत नाही. मुलाचा आत्मविश्वास जातो.

आता परवानगीचे. तुम्ही निवासी केंद्राचे लिहिलेत ते पत्र मी सूनबाईला आणि तुमच्या लेकाला वाचायला दिले. महिन्यातून एकदा भेट, हे वाक्य तिने पुन्हा वाचले. त्याने एकदाच वाचले. मी त्याला विचारले, "चहा ठेवू का?" तो म्हणाला, "नको मामी. आज नको."

शिंपिणीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी बोलणी केली. हे पत्र तुमच्या हाती पडेल त्या सुमारास तुमचा लेक तुमच्यासमोर उभा राहून सांगत असेल की आम्ही निघतो आहोत. आवाज चढला तर रागावू नका. त्या घरात त्याने तो पहिल्यांदाच वापरलेला असेल. तुमच्या घरातून मूल जाते आहे, वन्सं. एकदा त्याच घरात असेच एक मूल हातचे गेले होते. फरक एवढाच की हे आपल्या आईसकट जाते आहे.

मी तुमच्याकडे येणार नाही. तुम्ही मात्र गटात येऊ शकता. आमचे दार कुणालाही बंद नाही, आणि नियम सगळ्यांना एकच आहेत. जमिनीवर बसायचे. मुलाने आवाज केल्याखेरीज आपण बोलायचे नाही. त्याने आवाज केला तर त्याच आवाजात उत्तर द्यायचे. तो भूभू म्हणाला तर भूभू म्हणायचे, टुंबुक म्हणाला तर टुंबुक, सगळ्यांदेखत, इस्त्रीवाल्यादेखत, माझ्यादेखत. उच्चार तपासायचा नाही. आणि त्याच्या आईला विचारल्याशिवाय त्याला उचलायचे नाही.

तुमच्या फोटोचे काम मी तसेच ठेवले आहे. ते मी करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला करू देणार नाही. ते बोट तुमच्याखेरीज कुणाच्याने खाली येणार नाही. हे मी रागाने म्हणते असे तुम्हाला वाटेल, आणि ते खरेही आहे. पण शास्त्रही हेच म्हणते. दोन्हींचे एकमत होण्याचा असा योग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला आहे.

तुम्हाला वेळ लागेल. आम्ही दहापर्यंत मोजतो. तुमच्यासाठी मी आणखी थोडे मोजायला तयार आहे, पण फार नाही, कारण मूल अडीच वर्षांचे कायम राहत नाही. माझेही राहिले नव्हते.

यांचा तुम्हाला आशीर्वाद. हे पत्र टाकायला तेच निघाले आहेत. पाकीट चिकटवण्याआधी वाचू का म्हणाले. वाचा म्हटले. वाचून झाल्यावर चपला घातल्या, आणि चहा ठेवायला गेले नाहीत.

तब्येतीस जपावे.

तुमची, आणि तुमच्यामुळेच माझ्या लेकीचीही,
वहिनी